नवजात बालक, आईचे दूध आणि दवाखान्याची नोंदवही

१

कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात भल्या सकाळी दूध संस्थेच्या दारात उभे राहावे. किटली घेऊन आलेल्या प्रत्येकाचे दूध मापले जाते, फॅट काढली जाते आणि त्याची नोंद होते. संध्याकाळी पुन्हा तेच. साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी एकदा भरलेली आणि एकदा रिकामी अशी दोनदा काट्यावर चढते. म्हशीचे दूध आणि उसाचे कांडे मोजण्यात हा जिल्हा कोणाला हार जाणार नाही. परंतु दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या पोटात पहिल्या तीन-चार दिवसांत दूध गेले की नाही, याचा हिशेब कोण ठेवतो? हा प्रश्न मी हौसेने विचारत नाही. तो माझ्या घरात येऊन उभा राहिला म्हणून विचारतो आहे.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलीचे वजन २ किलो ७०० ग्रॅम भरले. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. केसपेपरवर प्रत्येक पाळीत 'स्तनपान : होय' असे लिहून खूण केलेली होती. पोर घरी आली आणि निजूनच राहू लागली. आई म्हणाली, "किती गुणाचं बाळ, रडतसुद्धा नाही." सातव्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी झोळीच्या काट्यावर वजन केले आणि त्यांचा चेहरा उतरला. काटा २ किलो ३०० ग्रॅमवर थांबला होता. आम्ही ज्याला गुण म्हणत होतो ती भुकेने आलेली ग्लानी होती. परत दवाखान्यात नेले. तिथल्या एका वयस्क सिस्टरने अर्धा तास खाली बसून बाळाला छातीशी कसे धरायचे ते दाखवले, दूध पिळून वाटी-चमच्याने पाजायला शिकवले. पोर वाचली. पण तो अर्धा तास पहिल्याच दिवशी का मिळाला नाही? आणि सहा वेळा 'होय' लिहिणाऱ्या हातांनी एकदाही बाळाचे तोंड आईच्या छातीला नीट लागले आहे का, हे का पाहिले नाही?

मी वैद्यकशास्त्राचा माणूस नाही, महाविद्यालयात शिकवतो. परंतु त्या आठवड्यानंतर मी या विषयात जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण हा प्रश्न आपल्या वस्त्यांचा आहे.

२

१८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर धड छप्परसुद्धा नसते, थंडी-पावसात त्यांना काय सोसावे लागते, आणि बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कुठून आणायचा, हे त्या चौदा वर्षांच्या मुलीने लिहून ठेवले आहे. दलितांच्या लेखनाची सुरुवात होते तिथेच बाळंतिणीचे दुःख उभे आहे, हे आपण विसरता कामा नये.

दुसरी बाजू अशी की गावाची बाळंतपणे करणारी सुईण अनेक ठिकाणी आपल्याच समाजातील असे. नाळ कापणे हे विटाळाचे काम, म्हणून ते तिच्याकडे. वाड्यातले मूल जिच्या हातात पहिला श्वास घेई, तिलाच बारावे दिवशी त्या वाड्याच्या ओसरीवर जागा नसे. बाळंतपण दवाखान्यात गेले तेव्हा तिचे ज्ञान, चांगले आणि वाईट दोन्ही, बाहेरच राहिले.

दवाखान्याचे दारही आपोआप उघडले नाही. १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात हुकूम काढला की सरकारी दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रोग्यांना इतरांप्रमाणेच ममतेने वागवावे. ज्या नोकरांना हे मान्य नसेल त्यांनी राजीनामे द्यावेत. दवाखान्याची सेवा म्हणजे उपकार नव्हे, तो रयतेचा हक्क आहे, हा विचार या मातीत शंभर वर्षांपूर्वी कायद्याच्या भाषेत आला.

आज छपराचा प्रश्न बराचसा सुटला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४ टक्क्यांच्याही वर आहे. परंतु त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे. देशातील तीन वर्षांखालील बालकांपैकी जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके केवळ ४१.८ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतराचा अर्थ सरळ आहे. बाई दवाखान्यापर्यंत पोचली. दवाखाना तिच्यापर्यंत पोचला नाही. पूर्वी अज्ञानाचे खापर खेड्यातील सासूच्या माथी फोडता येत असे. आता ज्या तासात हे घडायला हवे, त्या तासात बाई बहुधा सरकारच्या किंवा डॉक्टरच्या छपराखाली असते.

३

पहिल्या दिवसांत शरीरात काय घडते ते आधी समजून घेऊ. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येते त्याला आपण चीक म्हणतो. ते थोडेच असते, पण नवजात बाळाचे पोटही पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरच मावेल एवढे असते. रोगाशी झुंजण्याची ताकद देणारी द्रव्ये या चिकात भरपूर असतात. आपली गंमत पाहा. गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजाऱ्यांना वाटून खातो. आणि बाईचा चीक मात्र 'नासका' म्हणून पिळून टाकतो व बाळाला मध, गुळाचे पाणी, गुटी चाटवतो. या चाटणातून पोटात जंतू जातात, आणि बाळाची भूक मरते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येते. त्यानंतरचा नियम विहिरीचा आहे. उपसा असेल तर झरा वाहतो, उपसा थांबला की झरा आटतो. बाळाने नीट ओढले तरच दूध वाढते. 'मला दूधच नाही' असे म्हणणाऱ्या बहुतेक आयांच्या बाबतीत खरी अडचण बाळाच्या पकडीची असते. बाळाचे तोंड मोठे उघडलेले हवे. नुसते स्तनाग्र तोंडात नको, भोवतालचा काळा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, आत गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली पाहिजे. आईला दुखता कामा नये. आणि गिळल्याचा आवाज यावा. स्तनाग्रच चोखणारे बाळ तासभर छातीशी राहूनही उपाशी राहते, आणि आईला चिरा पडतात. माझ्या भाचीचे नेमके हेच झाले होते.

'अंगात रक्त नाही, हिला दूध कुठून येणार?' हे वाक्य आपल्या वस्तीतील बाईला नेहमी ऐकावे लागते. खरे असे आहे की बऱ्यापैकी अशक्त आईसुद्धा बाळापुरते दूध देऊ शकते. मात्र ते ती स्वतःच्या हाडामांसातून देते. म्हणून तिला पावडरचा डबा देणे हा उपाय नव्हे. तिला जेवू घालणे हा उपाय आहे.

आता वजन. जन्मानंतर पहिल्या दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे घटते. घट जन्माच्या वजनाच्या ७ टक्क्यांपुढे गेली की कोणीतरी बसून दूध पाजणे पाहिले पाहिजे. १० टक्क्यांपुढे गेली तर डॉक्टरने बाळ तपासले पाहिजे. सुमारे दोन आठवड्यांत जन्माचे वजन परत भरून यावे, आणि पुढे दररोज साधारण २५ ते ३० ग्रॅमची भर पडत राहावी. हा हिशेब सातवीतील मुलालाही जमतो. २७०० ग्रॅमच्या बाळाचे १० टक्के म्हणजे २७० ग्रॅम. ते २४३० च्या खाली गेले तर वाट पाहायची नाही. माझी भाची २३०० वर होती. घट जवळजवळ १५ टक्के.

काटा नसेल तरी खुणा असतात. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजणे व्हावे. पाचव्या दिवसापासून बाळाने किमान सहा वेळा लघवी करावी. सुरुवातीची काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हावी. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ अनेकदा नीट ओढू शकत नाही. त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवून, पिळलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे लागते. आणि गप्प पडून राहणाऱ्या बाळाला दोन-तीन तासांनी उठवून पाजावे लागते.

४

यावरून 'होय' ही खूण म्हणजे नोंद का नव्हे, हे ध्यानात येईल. त्या खुणेवरून पुढच्या पाळीच्या सिस्टरला काहीही कळत नाही. खरी नोंद चार-पाच रकान्यांची असते : पहिल्यांदा केव्हा पाजले, पकड कोणी पाहिली व कशी होती, चोवीस तासांत किती वेळा पाजले, लघवी-शी किती वेळा झाली, आजचे वजन किती आणि जन्मापासून किती टक्के घटले. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. एक विश्वासू काटा, एक तक्ता आणि त्या तक्त्याकडे पाहून काहीतरी करणारा माणूस लागतो. तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे.

जगाला हे नवे नाही. स्तनपानासाठी दवाखान्याने पाळावयाची दहा सूत्रे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ साली मांडली. १९९१ पासून त्यांच्या आधारे 'बालस्नेही रुग्णालय' ही योजना सुरू झाली. २०१८ साली ही सूत्रे सुधारली तेव्हा सतत देखरेख व नोंदीची व्यवस्था हा त्यांचाच भाग केला गेला, आणि घरी सोडल्यावर मदत कुठे मिळेल याची सोय लावणे हेही दवाखान्याचेच काम ठरले. भारत सरकारने २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'मा' नावाचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या आयआयटीतील 'हेल्थ स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाने पकड, वजन आणि आहार यांवर मराठीसह अनेक भाषांत चित्रफिती तयार केल्या आहेत. म्हणजे ज्ञान आहे, योजना आहे, आदेश आहे.

मग अडते कुठे? एक तर माणसे कमी. प्रसूतिकक्षात एका सिस्टरकडे इतक्या बाळंतिणी असतात की प्रत्येकीजवळ अर्धा तास बसणे तिला अशक्य होते. तिच्यावर राग काढून उपयोग नाही. ती स्वतः पुष्कळदा आपल्यासारख्याच घरातून आलेली, कंत्राटावर राबणारी बाई असते. दुसरे, महाराष्ट्रात चारांतील एक बाळंतपण आता शस्त्रक्रियेने होते. टाके असलेल्या आईला कुशीवर वळवून बाळ लावून द्यायला माणूस लागतो. तो नसला की 'आज राहू द्या, वरचे दूध आणा' असे होते. आणि तिसरे कारण आपण स्पष्ट बोलले पाहिजे. शिकलेल्या, नीटनेटक्या साडीतल्या बाईला समजावून सांगितले जाते. मळक्या लुगड्यातल्या बाईला दरडावून सांगितले जाते. 'ह्यांना सांगून काय कळणार' हे वाक्य कोणी जात विचारून बोलत नाही, पण ते कोणाला ऐकावे लागते हे आपल्याला ठाऊक आहे. दरडावलेली बाई प्रश्न विचारत नाही. ती 'पाजलं का?' या प्रश्नाला 'होय' म्हणते, आणि कागदावर खूण होते.

५

जिथे मदत मिळत नाही तिथे डबा येतो. डॉ. सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९३९ साली सिंगापुरात भाषण केले होते. बाळांना अयोग्य दूध पाजण्याच्या प्रचाराला त्यांनी सरळ खून म्हटले होते. १९७० नंतर गरीब देशांत पावडर विकणाऱ्या कंपन्यांविरुद्ध जगभर चळवळ उभी राहिली. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत या विक्रीला आळा घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत झाली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने १९९२ साली कायदा केला व २००३ साली तो अधिक कडक केला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दूध-पावडरची व बाटलीची जाहिरात करणे, आयांना फुकट नमुने देणे, दवाखान्यात त्यांचा प्रचार करणे हा गुन्हा आहे.

डबा गरीब घरात अधिक घातक का ठरतो? तो महाग असतो म्हणून पावडर कमी व पाणी जास्त पडते. बाळ भरल्या पोटी उपाशी राहते. शिवाय पाणी कोणते? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने जिल्ह्याला वेढले, तेव्हा चहूकडे पाणी असून प्यायला पाणी नव्हते. अशा वेळी छावणीतील ज्या बाळाला आईचे दूध होते त्याला पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागली नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही लागत नाही, याचा अर्थ पूररेषेत राहणाऱ्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

६

दवाखान्यातील नोंद दाराशीच संपली तर तिचा उपयोग अर्धाच होतो. या बाबतीत महाराष्ट्राने देशाला धडा दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील थोड्याफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. त्यांनी घरी जाऊन वजन केले, पाजणे पाहिले, आजार ओळखला. तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी जाण्याची पद्धत आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सर्व भेटींचे मिळून तिला २५० रुपये ठरले. दूध संस्थेत एका गाभण म्हशीच्या देखभालीवर किती खर्च होतो याच्याशी ही रक्कम ताडून पाहावी.

परंतु ही साखळी कुठे तुटते? पहिल्यांदा, माहेरी. नाव सासरच्या आशाकडे, बाळंतपण माहेरी. दोघींचा एकमेकींना पत्ता नसतो. दुसऱ्यांदा, उसाच्या फडात. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीकडून हजारो कोयते या जिल्ह्यात उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यांत दलित, भटके, वंजारी, सारे भूमिहीन. उचल घेतलेली असते, मुकादमाचा हिशेब डोक्यावर असतो, एक दिवस चुकला की खाडा पडतो. त्यांतली बाई इथल्या सरकारी दवाखान्यात बाळंत होते. तिच्या गावची आशा मैलोगणती दूर, इथल्या आशाच्या यादीत तिचे नाव नाही. दवाखान्यातून ती कोपीत परत जाते आणि नोंदवहीतून नाहीशी होते. थोड्याच दिवसांत बांधावर साडीच्या झोळीत बाळ आणि सरीत आई. तिने तोडलेल्या उसाची मोळी काट्यावर चढते. तिचे बाळ चढत नाही.

७

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या बायकांनीच घेतला पाहिजे. आईच्या दुधाचा हा गौरव म्हणजे बाईला पुन्हा चुलीशी आणि पाळण्याशी बांधण्याची युक्ती तर नव्हे? वात्सल्याच्या पोवाड्यांनी बाईचे पोट भरत नाही, हे खरे आहे. ज्या बाईला फडात जावेच लागते तिला 'सहा महिने फक्त अंगावर पाजा' असे सांगणे ही थट्टा आहे. दूध आटले तर तिला दोषी ठरवणे हा त्याहून मोठा अन्याय आहे.

या आक्षेपाचे उत्तर बाबासाहेबांनी १९२८ साली देऊन ठेवले आहे. त्या वर्षी जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी भूमिका घेतली की बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा. आणि बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. बाबासाहेबांनी बाळंतपण हा विषय भावनेच्या प्रांतातून काढून मजुरीच्या आणि हक्काच्या प्रांतात आणला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती माझ्यासारख्या पगारदाराच्या घरात पोचते. उचलीवर आलेल्या बाईला तिचा कोणता मालक रजा देणार? म्हणून दूध पाजणे हा आईच्या कर्तव्याचा विषय मानू नये. तिला वेळ, अन्न, पैसा आणि शिकवणारा हात मिळणे हा तिचा हक्क मानावा.

आणि ज्या आईला खरोखरच दूध देता येत नाही, तिच्या बाळाचे काय? मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. तपासणी झालेल्या आयांचे दूध तिथे एकत्र केले जाते, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून थंड केले जाते आणि कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना दिले जाते. एका भांड्यात एकत्र झालेल्या त्या दुधात बाटलीगणिक जात शोधणे कोणालाही शक्य नाही. ज्या देशात पाणवठ्यासाठी महाडला जावे लागले, तिथे हे मुकाट्याने रोज घडते आहे.

८

करायचे काय? तालुक्यातील दोन-तीन कार्यकर्त्यांनी मिळून ग्रामीण रुग्णालयात जावे. बाळंतिणीच्या केसपेपरवर वजनाचा रोजचा रकाना आहे का, घरी सोडताना बाळाचे वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिले जाते का, हे विचारावे. सिस्टरशी भांडू नये. तिच्यासाठी जादा माणूस मागावा. हंगाम सुरू होताना कारखान्याच्या गट कार्यालयातून टोळ्यांची यादी मिळवून गरोदर बायांची नावे इथल्या आशाकडे द्यावीत आणि फडावर फिरता काटा मागावा. आशांच्या मानधनाच्या लढ्यात त्यांच्या बाजूने उभे राहावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना टक्केवारीचे हे गणित शिकवावे. आपापल्या वस्तीत ते दहा घरांना शिकवतील. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाची भाषणे होतात, तिथे जाऊन बसावे आणि भाषण संपल्यावर एवढाच प्रश्न विचारावा : काल इथे जन्मलेल्या बाळांचे आजचे वजन किती, आणि ते कुठे लिहिले आहे?